भूतानच्या उंबरठ्यावरचे बाराशे रुपये

पश्चिम बंगालमधल्या जयगावच्या गजबजलेल्या बाजारातून चालत गेले की रंगीत नक्षीकाम केलेली एक कमान लागते. अलीकडे भारत, पलीकडे भूतानचे फुन्त्शोलिंग. दोन्हीकडे रुपया चालतो, दोन्हीकडच्या दुकानांत हिंदीत घासाघीस करता येते आणि भारतीय माणसाला पलीकडे जायला व्हिसा लागत नाही. घड्याळ मात्र अर्धा तास पुढे करावे लागते. फुन्त्शोलिंग सोडून वर थिंफू किंवा पारोकडे जायचे असेल तर प्रवेश परवाना काढावा लागतो, आणि त्या परवान्यासाठी देशात घालवायच्या प्रत्येक रात्रीचे माणशी बाराशे रुपये आगाऊ भरावे लागतात. कागदोपत्री याचे नाव 'शाश्वत विकास शुल्क' आहे. पर्यटन व्यवसायात सगळे त्याला एसडीएफ म्हणतात. २०२२ पर्यंत भारतीयाच्या खिशावर हा भार नव्हता. तो का आला, त्यातून काय साधले, कोणाचे काय म्हणणे आहे आणि मुंबई-पुण्याहून भूतानचा बेत आखणाऱ्याने यातून काय समजून घ्यावे, याचा आढावा घेण्याजोगी माहिती आता हाती आली आहे.

परदेश प्रवासाबद्दल लिहिताना प्रवेशाचे नियम एका कप्प्यात आणि देशाचे पर्यटन धोरण दुसऱ्या कप्प्यात ठेवायची आपली पद्धत आहे. नियम म्हणजे कागदपत्रांची यादी, धोरण म्हणजे सरकारचा विषय. भूतानच्या बाबतीत ही विभागणी टिकत नाही, कारण तिथे परवान्याची खिडकी हेच धोरणाचे मुख्य हत्यार आहे. कोण यावे, किती यावेत आणि किती दिवस राहावेत हे त्या खिडकीवरच्या दराने ठरते. म्हणून त्या दराकडे नीट पाहावे लागते. माझे म्हणणे असे की शुल्क घेण्यामागचे कारण रास्त आहे, पण शुल्काचे माप चुकते. भूतानला काळजी आहे ती ठरावीक जागांवर ठरावीक महिन्यांत पडणाऱ्या भाराची, आणि शुल्क मोजते ते रात्री. या वादातल्या बऱ्याच गाठी त्या तफावतीतून पडलेल्या आहेत.

दार उघडले ते कसे

१९५८ साली पंडित नेहरू भूतानला गेले तेव्हा भारतातून तिथे पोचणारा मोटाररस्ता नव्हता. सिक्कीममधून नथू ला ओलांडून तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, घोड्यावरून आणि पायी मजल करत ते पारोला पोचले. १९६१ मध्ये भारताच्या सीमा रस्ते संघटनेचा 'दंतक' प्रकल्प सुरू झाला आणि फुन्त्शोलिंग–थिंफू हा रस्ता झाला. आजही बहुतेक भारतीय पर्यटक याच रस्त्याने वर चढतात. पर्यटकांसाठी देश उघडला तो १९७४ मध्ये, चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांच्या राज्याभिषेकाच्या वर्षी. सोहळ्याच्या पाहुण्यांसाठी बांधलेल्या निवासांचा पुढे काय उपयोग करायचा, हा प्रश्न होता. त्याचे उत्तर म्हणून पर्यटन आले. पहिल्या वर्षी आलेल्या परदेशी पर्यटकांची संख्या २८७ सांगितली जाते. शेजारच्या नेपाळमध्ये त्या काळी स्वस्तात महिनोन्‌महिने राहणाऱ्या तरुण परदेशी प्रवाशांचे लोंढे येत होते. भूतानने ते पाहिले आणि वेगळी वाट धरली. माणसे थोडी यावीत आणि त्यांच्याकडून उत्पन्न जास्त मिळावे, अशी ती वाट होती.

या वाटेवरचे मुख्य साधन म्हणजे सक्तीचा दैनिक दर. परदेशी पर्यटकाने मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच यायचे आणि दिवसाला ठरावीक डॉलर मोजायचे. त्यात हॉटेल, जेवण, गाडी आणि मार्गदर्शक हे सगळे यायचे. १९९१ मध्ये हा व्यवसाय सरकारी महामंडळाकडून खासगी संस्थांकडे गेला, तरी दराची सक्ती राहिली. करोनापूर्वीच्या दशकात हा दर हंगामात २५० डॉलर आणि एरवी २०० डॉलर होता, आणि त्यातले ६५ डॉलर सरकारी तिजोरीत जायचे. घोषवाक्य मात्र मधल्या काळात बदलत राहिले. कधी 'कमी संख्या' म्हटले गेले, कधी त्या जागी 'कमी परिणाम' असे शब्द आले. हा फरक वरवरचा वाटतो, पण आजचा वाद त्याच्यातच दडलेला आहे. संख्या कमी ठेवायची की परिणाम कमी ठेवायचा? २०१२ पर्यंत वर्षाला एक लाख पर्यटकांचे लक्ष्य सरकारने ठेवले, तेव्हा दुसरा पर्याय स्वीकारल्यासारखे दिसले. त्या परिणामाचे मोजमाप कसे करायचे, हे काम मात्र मागेच राहिले.

भारतीय या सगळ्या व्यवस्थेबाहेर होते. १९४९ चा मैत्री करार, त्याची २००७ मधली सुधारित आवृत्ती, खुला व्यापार आणि भूतानी नागरिकांना भारतात असलेली मोकळीक लक्षात घेता ते स्वाभाविक होते. बांगलादेश आणि मालदीवच्या नागरिकांनाही तीच सवलत होती. सवलतीच्या वर्गातून येणारे थोडे होते तोवर कोणाचे काही म्हणणे नव्हते. पण २०१९ मध्ये एकूण पर्यटक तीन लाख पंधरा हजारांवर गेले, आणि त्यांतले सुमारे दोन लाख तीस हजार भारतीय होते. पूर्ण दर मोजून येणारे बहात्तर हजारांच्या आसपास होते. देशाची लोकसंख्या २०१७ च्या जनगणनेनुसार सव्वासात लाख. ज्या देशाने जगाला 'थोडेच या' असे सांगितले, त्याच्याकडे येणाऱ्या चार पाहुण्यांपैकी तीन त्या सांगण्याच्या कक्षेबाहेरचे होते.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दोचुला खिंडीत एक घटना घडली. महाराष्ट्रातून गेलेल्या मोटारसायकलस्वारांच्या गटातला एक जण शिडी लावून एका चोर्तेनवर, म्हणजे पवित्र स्तूपावर, चढला. त्याचे छायाचित्र भूतानभर फिरले. त्याला ताब्यात घेतले गेले, त्याने माफी मागितली आणि प्रकरण मिटले. एका माणसाच्या वागण्यावरून लाखोंची पारख करणे योग्य नाही, पण भूतानी समाजमनात आधीपासून साठत आलेल्या अस्वस्थतेला त्या छायाचित्राने चेहरा दिला. दोचुलाचे १०८ चोर्तेन २००३ च्या लष्करी मोहिमेत प्राण गमावलेल्यांच्या स्मृतीशी जोडलेले आहेत, हे कळले की तिथल्या लोकांना काय लागले असेल ते समजते.

२०२० मध्ये भूतानच्या संसदेने कायदा करून भारत, बांगलादेश आणि मालदीवच्या पर्यटकांवर माणशी, दर रात्री बाराशेचे शुल्क लावले. अंमलबजावणी होण्याआधीच करोना आला आणि मार्च २०२० मध्ये सीमा बंद झाली. अडीच वर्षांनी, २३ सप्टेंबर २०२२ रोजी, दार पुन्हा उघडले तेव्हा चौकट बदललेली होती. डॉलरमध्ये पैसे मोजणाऱ्यांसाठी सक्तीचे पॅकेज गेले आणि त्याऐवजी दर रात्री २०० डॉलरचे निव्वळ शुल्क आले, हॉटेल-जेवणाचा खर्च वेगळा. भारतीयांना बाराशे रुपये लागू झाले. पर्यटक अपेक्षेइतके परतले नाहीत. जून २०२३ मध्ये डॉलरवाल्यांसाठी चार रात्रींचे भरा आणि आणखी चार रात्री विनाशुल्क राहा, अशा स्वरूपाच्या योजना आल्या. काही महिन्यांतच त्या मागे पडल्या आणि १ सप्टेंबर २०२३ पासून शुल्क थेट निम्मे, म्हणजे १०० डॉलर, करण्यात आले. ही सूट ३१ ऑगस्ट २०२७ पर्यंत आहे. भारतीयांचा दर बाराशेवरच राहिला. २०२३ मध्ये सुमारे एक लाख आणि २०२४ मध्ये सुमारे एक लाख पंचेचाळीस हजार पर्यटक आले. २०२४ मधल्या पर्यटकांत साधारण दोन तृतीयांश भारतीय होते. २०१९ च्या निम्म्यापर्यंतही गाडी अजून पोचलेली नव्हती.

खिडकीवर काय लागते

भारतीय प्रवाशासाठी ओळखीचा पुरावा म्हणून दोनच कागद चालतात. किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट, किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र. आधार कार्ड चालत नाही, आणि खिडकीवर सर्वाधिक घोळ इथेच होतो. देशात विमानापासून बँकेपर्यंत सगळीकडे आधार दाखवायची सवय झालेल्या माणसाला ते इथे निरुपयोगी ठरते, हे पटत नाही. कारण सरळ आहे. आधार मिळते ते भारतात राहणाऱ्याला, नागरिक असण्याची अट त्याला नाही. मतदानाचा हक्क मात्र नागरिकालाच असतो. भूतानला रहिवास नव्हे, नागरिकत्व तपासायचे असते. अठरा वर्षांखालील मुलांसाठी जन्मदाखला आणि सोबत आई-वडील किंवा पालक लागतात. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत मतदार कार्डावर एक नाव आणि विमानाच्या तिकिटावर दुसरे, असे पुष्कळदा होते. अर्ज ज्या कागदावर करायचा त्यावरचेच नाव तिकिटावर असेल, ही काळजी तिकीट काढतानाच घेतलेली बरी. अर्ज ऑनलाइन करता येतो, आणि सीमेवर जाऊन रांगेत उभे राहण्यापेक्षा घरूनच परवाना हाती घेऊन निघावे.

शुल्काच्या तपशिलात दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मे शुल्क आहे आणि सहा वर्षांखाली काहीच नाही. फुन्त्शोलिंगसारख्या सीमेवरच्या गावात पहिले चोवीस तास शुल्क लागत नाही. आई-वडील, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा असे कुटुंब सहा शुल्कपात्र रात्री राहणार असेल तर मोठ्यांचे १४,४०० आणि मुलीचे ३,६०० असे १८,००० रुपये होतात. दिवस वाढवायचे तर आधी शुल्क भरावे लागते, कारण परवान्याची मुदत भरलेल्या रात्रींइतकीच असते. स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्याला गाडीसाठी दिवसाला ४,५०० रुपयांचे वेगळे शुल्क आहे. सात दिवसांचे ते ३१,५०० होते, म्हणजे या कुटुंबाच्या सगळ्या एसडीएफपेक्षा जास्त. गाडी जयगावलाच ठेवून पलीकडून भूतानी टॅक्सी करणे बहुतेकांना स्वस्त पडते, आणि धोरणाचाही तोच हेतू आहे. थिंफू आणि पारोच्या पलीकडे पुनाखा, फोब्जिखा किंवा बुमथांगकडे जाताना परवानाधारक मार्गदर्शक सोबत असावा लागतो. हे नियम गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले आहेत, म्हणून दोन वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या शेजाऱ्याच्या अनुभवावर विसंबून बेत आखू नये.

पैशांच्या बाबतीत भारतीयाची सोय चांगली आहे. न्गुल्ट्रम हे भूतानचे चलन भारतीय रुपयाशी एकास एक बांधलेले आहे आणि रुपयाच्या नोटा सर्रास घेतल्या जातात. दोनशे आणि पाचशेच्या नोटा मिळून पंचवीस हजारांपर्यंतच नेता येतात, त्याहून जास्त रोख लागणार असेल तर ती शंभरच्या किंवा त्याखालच्या नोटांत न्यावी. जुलै २०२१ पासून भीम यूपीआयची सोय भूतानमध्ये सुरू झाली आहे, तरी डोंगरातल्या चहाच्या टपरीवर रोख हवीच. परत येताना उरलेले न्गुल्ट्रम सीमेअलीकडे फार दूरवर खपत नाहीत, ते फुन्त्शोलिंगमध्येच संपवावेत.

विमानाने जाणारे थेट पारोला उतरतात. हा विमानतळ २,२०० मीटरहून उंचावर, डोंगरांच्या अरुंद खोऱ्यात आहे. वैमानिकाला धावपट्टी डोळ्यांनी दिसावी लागते, म्हणून विमाने दिवसाउजेडीच उतरतात आणि या मार्गासाठी मान्यता मिळालेले वैमानिक मोजकेच आहेत. हवा बिघडली की उड्डाण पुढे ढकलले जाते. त्यामुळे पारोहून निघून त्याच संध्याकाळी दिल्ली किंवा कोलकात्याहून मुंबईचे विमान पकडण्याचा बेत करू नये, मध्ये एक रात्र मोकळी ठेवावी. खर्च वाचवणारे बागडोगऱ्यापर्यंत विमानाने किंवा हासीमारापर्यंत रेल्वेने जाऊन जयगावमार्गे चढतात. पावसाळ्यात, जून ते ऑगस्ट, या रस्त्यावर दरडी कोसळतात. फुन्त्शोलिंग तीनशे मीटरच्या आसपास आहे, थिंफू तेवीसशेच्या वर, आणि हे अंतर पाच-सहा तासांत चढले जाते. ताक्त्सांग मठाच्या पायथ्याशी गाडी उभी राहते तीच जागा महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच कळसूबाईच्या (१,६४६ मीटर) माथ्यापेक्षा सुमारे एक हजार मीटर वर आहे, आणि मठ त्याहूनही पाचशे मीटर उंच. पहिल्याच दिवशी तिथे चढायला निघणे म्हणजे डोकेदुखी आणि धाप ओढवून घेणे. तो चढ सहलीच्या शेवटी ठेवावा. तोवर शरीर उंचीला सरावलेले असते. मंदिरात आणि झोंगमध्ये, म्हणजे किल्लेवजा मठ-कचेरीत, जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे असावेत, टोपी काढावी आणि आतल्या भागाची छायाचित्रे घेऊ नयेत. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे. ड्रोन परवानगीशिवाय उडवता येत नाही.

कोणाचे काय म्हणणे आहे

सरकारची बाजू आधी नीट समजून घेतली पाहिजे. भूतानमध्ये आरोग्यसेवा आणि शालेय शिक्षण मोफत आहे, आणि देशाचा किमान साठ टक्के भाग कायम जंगलाखाली राहील असे २००८ च्या राज्यघटनेतच लिहिले आहे. रस्ते, सांडपाणी, कचरा, जंगलवाटा या सगळ्यांचा खर्च पाहुण्यांमुळे वाढतो. मग पाहुण्यांनी त्यातला वाटा उचलावा, हे म्हणणे चुकीचे ठरवता येत नाही. भारतीयांवर शुल्क लावून आपण शेजाऱ्याशी परकेपणाने वागलो, हा आक्षेप सरकारला मान्य नाही. बाकीचे बहुतेक जग रात्रीला शंभर डॉलर मोजते आणि भारतीय त्याच्या सातव्या हिश्श्याइतके, म्हणजे सवलत कायम आहे, असे उत्तर दिले जाते. ते आकड्यांनी खरे आहे. गालापागोस बेटांवरही प्रवेशशुल्क ऑगस्ट २०२४ मध्ये शंभरावरून दोनशे डॉलर झाले, आणि तिथेही दक्षिण अमेरिकेतल्या शेजारी देशांना कमी दर आहे. शेजाऱ्याला सवलत देणे आणि त्याच्याकडून काहीच न घेणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी बाजू भूतानमधल्याच हॉटेलवाल्यांची, गाइडांची आणि टॅक्सीचालकांची आहे. २०१९ पर्यंत वाढत गेलेल्या भारतीय गर्दीच्या भरवशावर अनेकांनी कर्ज काढून हॉटेले बांधली. मोजक्या खोल्यांच्या भाड्यावर घर चालवणारी छोटी निवासगृहे होती, कारण भारतीय पर्यटक तिथेच उतरायचा. हंगामात महिनाभर रिकामी राहिलेली खोली पुन्हा विकता येत नाही. भूतानमधून तरुण मोठ्या संख्येने ऑस्ट्रेलियाला जात असताना पर्यटनातल्या नोकऱ्या आटणे परवडणारे नाही, असे या लोकांचे म्हणणे आहे. २०२३ मधली निम्मी कपात हे त्या म्हणण्याला सरकारने दिलेले उत्तरच होते. पण ती कपात डॉलरवाल्यांपुरती झाली. छोट्या हॉटेलांचा खरा ग्राहक भारतीय आहे आणि त्याच्या दरात काही बदल झाला नाही. या वर्गाची तक्रार त्यामुळे अर्धीच मिटली.

तिसरी बाजू सीमेलगतच्या भारतीयांची आहे, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले. अलीपूरद्वार, कूचबिहार, जलपायगुडी इथली माणसे पूर्वी सुट्टीत दोन दिवसांसाठी सहज थिंफूला जायची. जयगावचा बाजार दोन्ही बाजूंच्या येण्याजाण्यावर उभा राहिला आहे. माणशी बाराशे हा दर मुंबईच्या सहल कंपनीबरोबर विमानाने जाणाऱ्याच्या एकूण खर्चात बुडून जातो. साध्या हॉटेलात उतरणाऱ्या चौघांच्या कुटुंबाला मात्र तो खोलीच्या भाड्याहून जड होऊ शकतो. ठोक दर गरिबावर जास्त बसतो, हे करांबद्दलचे जुने निरीक्षण इथेही लागू पडते. पहिल्या चोवीस तासांची सूट या लोकांना फुन्त्शोलिंगपर्यंत नेते, डोंगरात नेत नाही. 'उच्च मूल्य' म्हणजे श्रीमंत पाहुणा नव्हे, असे भूतानचे अधिकारी सांगतात, आणि त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण हत्यार किमतीचेच असेल तर निवडही किंमतच करणार.

माप कशाचे?

इथे मूळ प्रश्नाकडे यावे लागते. भूतानला नको आहे ते ताक्त्सांगच्या वाटेवरची रेटारेटी, पुनाखा झोंगसमोर उभ्या बसगाड्यांच्या रांगा, थिंफूतला वाढता कचरा आणि पवित्र जागांवरचा धिंगाणा. हा भार मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर या दोन हंगामांत आणि पारो–थिंफू–पुनाखा या पश्चिमेकडच्या पट्ट्यात एकवटलेला असतो. पूर्वेकडच्या त्राशिगांगला पर्यटक हवे आहेत आणि मिळत नाहीत. अशा वेळी दर रात्रीचे शुल्क पाहुण्याला काय शिकवते? चार-पाच रात्रींत उरक, असे शिकवते. चार-पाच रात्रींत जे उरकता येते ते पारो–थिंफू–पुनाखाच. बुमथांगला जाऊन यायचे तर आणखी तीन-चार रात्री हव्यात, म्हणजे चौघांमागे आणखी चौदा ते एकोणीस हजार आणि शिवाय मार्गदर्शक. शुल्क ज्या गर्दीला पांगवण्यासाठी आहे, तिला ते पश्चिमेकडेच गोळा करते. ऑक्टोबरच्या ऐन गर्दीत आणि जानेवारीच्या कडक थंडीतही दर तोच आहे.

व्हेनिसने २०२४ मध्ये नेमके उलटे माप घेतले. वर्षातल्या निवडक २९ गर्दीच्या दिवशी, रात्री न राहता केवळ दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून पाच युरो घेतले, आणि शहरात मुक्काम करणाऱ्यांना सूट दिली. तिथे गर्दीचा दिवस मोजला गेला आणि मुक्कामाला उत्तेजन मिळाले. पाच युरोंनी व्हेनिसची गर्दी हटली असे कोणी म्हणत नाही, तेव्हा तो नमुना जसाच्या तसा घ्यावा असे सुचवायचे नाही. मापाची निवड परिणाम ठरवते, एवढेच त्यातून दिसते. किमतीऐवजी संख्येवर मर्यादा घालण्याचा मार्गही आहे. कास पठारावर फुलांच्या हंगामात रोजची संख्या ठरवून आगाऊ नोंदणी केली जाते, हे आपल्याकडचे उदाहरण. ताक्त्सांगसाठी रोजची मर्यादा ठेवली तर दर कमी असूनही वाट मोकळी राहू शकते.

यावर भूतानकडून येऊ शकणारे आक्षेप वजनदार आहेत. मर्यादा घातली की नोंदणी आधीच अडवून ठेवणारे दलाल येतात, आणि छोट्या प्रशासनाला ते आवरणे कठीण जाते. शुल्क सोपे असते. सीमेवर एकदा भरले की काम संपते. शिवाय प्रत्येक रात्र पाणी, वीज आणि कचरा घेऊन येते, म्हणून रात्रीचे माप अगदीच निराधार नाही. प्रवेशाच्या वेळी एकदाच मोठी रक्कम घेतली असती तर दोन दिवसांसाठी येणाऱ्या सीमेवरच्या माणसाचे नुकसान आणखी वाढले असते. हे सगळे मान्य करूनही जून २०२३ मधल्या योजनांचा दाखला उरतो. जादा रात्री विनाशुल्क दिल्या तर माणूस थांबेल आणि पुढे जाईल, हे सरकारने स्वतःच ओळखले होते. तो प्रयोग काही महिन्यांतच गुंडाळला गेला, त्यामुळे त्याचे फळ दिसायला वेळच मिळाला नाही, आणि तो भारतीयांना लागूही नव्हता. पाचव्या-सहाव्या रात्रीनंतर भारतीयाचे शुल्क घटवून पाहण्यासारखा, कमी खर्चाचा प्रयोग दुसरा दिसत नाही.

प्रवाशाला यातून घेण्याजोगा सल्लाही आहे, आणि तो कागदपत्रांच्या यादीपेक्षा मोलाचा वाटतो. त्याच पैशांत रोज नवे गाव करण्यापेक्षा दोन ठिकाणी तीन-तीन रात्री थांबावे. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत जावे. थंडी असते, पण आकाश स्वच्छ असते आणि तिबेटच्या पठारावरून उतरलेले काळ्या मानेचे क्रौंच फोब्जिखाच्या दलदलीत असतात. पारोचा वसंतातला आणि थिंफूचा शरदातला त्सेचू, म्हणजे मठांतला मुखवटानृत्यांचा उत्सव, पाहायचा असेल तर हॉटेल आणि परवाना दोन्ही कितीतरी आधी पक्के करावे. शाकाहारी माणसाची अडचण होत नाही. मिरची आणि चीजचा एमा दात्शी हा रोजच्या जेवणातलाच पदार्थ आहे, फक्त त्यात मिरची ही भाजी म्हणून येते हे ध्यानात ठेवून ताट घ्यावे.

जे अजून ठरलेले नाही

पुढच्या दोन-तीन वर्षांत हा प्रश्न नव्याने उभा राहणार आहे. डॉलरच्या दरातली सूट ऑगस्ट २०२७ अखेर संपते. त्यानंतर दर पुन्हा दोनशेवर जाणार की शंभरावर राहणार, आणि त्या फेरविचारात बाराशेचा आकडाही हलणार का, हे अजून अनिश्चित आहे. दुसरीकडे दक्षिणेला, आसामच्या सीमेलगत, गेलेफू येथे नवे शहर उभारण्याची घोषणा राजे जिग्मे खेसर नामग्येल वांगचुक यांनी डिसेंबर २०२३ मध्ये केली. मोठ्या गुंतवणुकीचे आणि मोठ्या विमानतळाचे शहर असे त्याचे स्वरूप आहे. मोजके पाहुणे घेणारा देश आणि जगाला गुंतवणुकीसाठी बोलावणारे शहर एकाच परवान्याच्या चौकटीत कसे बसणार, याचे उत्तर अजून तयार होत आहे.

सर्वांत मोठा बदल रेल्वेमुळे येईल. सप्टेंबर २०२५ मध्ये भारताने दोन मार्गांची घोषणा केली. आसाममधल्या कोक्राझारपासून गेलेफूपर्यंत ६९ किलोमीटर आणि पश्चिम बंगालमधल्या बानरहाटपासून साम्त्सेपर्यंत २० किलोमीटर, मिळून सुमारे चार हजार कोटी रुपयांचे काम. भूतानमध्ये आजवर रेल्वे नाही. जयगावच्या कमानीतून आज माणसे टॅक्सीच्या आकाराने येतात, चार-चार, सहा-सहा. गाडी येईल तेव्हा ती एका वेळी हजारांनी येतील आणि फलाटावर उतरतील ती भूतानच्या दक्षिणेकडच्या सखल भागात, जिथे पहिले चोवीस तास शुल्क नाही. त्यांतल्या किती जणांना पुढे डोंगरात जायचे असेल, त्यांच्यासाठी परवान्याची खिडकी स्थानकात असेल की वर घाटाच्या पायथ्याशी, आणि त्या खिडकीवर रात्री मोजल्या जातील की आणखी काही, हे ठरवायला भूतानच्या हाती रूळ पडेपर्यंतचाच वेळ आहे.